नॅनो पुरतो, पण कनेक्शन तुटल्यावर काय?

क्लस्टर म्हणजे अनेक जण दुरून वापरतात तो मशीनचा समूह; तिथे काम चालवायच्या सूचनांची फाइल म्हणजे जॉब स्क्रिप्ट, आणि विम व नॅनो हे ती टर्मिनलमध्येच लिहायचे एडिटर. ‘जॉब स्क्रिप्टमधल्या दोन ओळी बदलायला विम कशाला, नॅनो पुरे’ हे या चर्चेतलं मत मला पटतं. नव्या मुलांना मीही नॅनोच दाखवते. पण कनेक्शन मध्येच तुटलं तर लिहिलेलं कुठे जातं, हे अजून कुणी सांगितलं नाही, आणि क्लस्टरवर खरी रडारड तिथेच होते. मी ऐरोलीत घरून काम करते. गेल्या पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडला, आणि विममध्ये तासभर लिहिलेली स्क्रिप्ट सेव्ह न करताच राहिली. परत उघडली तर स्वॅप फाइल (सेव्ह न केलेला मजकूर विम आपोआप जिथे ठेवतो ती) सापडल्याचा इशारा! तिथे घाबरून डिलीट करू नका. आर (रिकव्हर, म्हणजे मजकूर परत मिळवणं) दाबा, मजकूर तपासा, वेगळ्या नावाने सेव्ह करा, मगच स्वॅप काढा. मूळ सेटिंगमध्ये २०० अक्षरं झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की विम स्वॅपमध्ये लिहितो, म्हणून माझी शेवटची ओळसुद्धा वाचली. नॅनोही कनेक्शन तुटताना फाइलच्या नावापुढे ‘डॉट सेव्ह’ लावून प्रत ठेवतो. ती तिथेच पडून असते आणि लोक पहिल्यापासून टाइप करत बसतात.

इशाऱ्यातलं होस्टचं, म्हणजे मशीनचं, नावही वाचा. लॉगिन नोड (क्लस्टरमध्ये शिरताना आपण ज्या मशीनवर पोचतो ते) एकापेक्षा जास्त असले तर परत शिरताना तुम्ही दुसऱ्याच नोडवर पोचू शकता, आणि पहिल्यावर टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल सत्र) तुमचा विम अजून चालू असू शकतो. दुसऱ्या मशीनवरून विमला ते कळत नाही. अशा वेळी रिकव्हरच्या फंदात न पडता एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये शिरायची कमांड) त्या नोडवर जा आणि टीमक्स अटॅच करा, म्हणजे ते सत्र परत जोडा.