मदत हवी आहे: स्टेंट बसवलेल्या वडिलांची दाढ काढायची आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद कराव्यात का?

कळंबारोड
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांना (वय ७१) जानेवारीत हार्ट अ‍ॅटॅक आला, एक स्टेंट बसवला. तेव्हापासून रक्त पातळ करायच्या अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ आणि रात्री कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे. तब्येत बरी, रंकाळ्यावर फिरून येतात.

आता खालची दाढ हलतेय, गाल सुजलाय. परवा समोरचा तांबडा रस्सा बाजूला सारला, यावरून काय ते ओळखा. जवळच्या दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस थांबवा, मग या." हार्टच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली. काका म्हणतात पाच दिवसांनी काय बिघडतंय. आई गोळ्यांची डबी उशाशी घेऊन बसलीय.

मला कोडं पडलंय ते वेगळंच. अण्णांचा प्लेटलेट काउंट २ लाख ४० हजार आला, म्हणजे नॉर्मल. पण दाढी करताना हनुवटीला जरा कापलं तर तुरटी फिरवून फिरवून वैताग आला, रक्त थांबेना. बीपीचा पट्टा बांधला तिथे दंडावर जांभळा डाग उठतो. आमच्या गल्लीत डेंग्यूमुळे प्लेटलेटचे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहेत, त्यामुळे "काउंट चांगलाय, मग भ्यायचं कशाला?" असं जो तो सांगतोय. काउंट चांगला आहे तर रक्त का थांबत नाही?

शिवाय मेडिकलवाल्याने दाढदुखीला आयब्युप्रोफेनची गोळी आणि पित्तावर ओमेप्राझोल दिलंय. चालेल का?

गंगावेस_तालीम
ताई, आधी एक काम करा. डिस्चार्जच्या फाइलवर कॅथलॅबचा, म्हणजे स्टेंट बसवला त्या विभागाचा, फोन नंबर असतोय, तिथं आजच फोन लावा. अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. आणि काकांना म्हणावं, गोळ्यांचा निर्णय कट्ट्यावर होत नसतोय.

औषधशाळा
फार्माकॉलॉजी शिकवतो, म्हणून काउंटबद्दल लिहितो. या गोळ्या प्लेटलेट मारत नाहीत, त्यांचं एकमेकींना चिकटून रक्त थांबवणं रोखतात. रिपोर्टमध्ये फक्त डोकी मोजलेली असतात, त्यातली कामाला किती येतात ते नाही. डेंग्यूत संख्याच घसरते, तो प्रकार निराळा.

अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं सायक्लोऑक्सिजनेज हे एन्झाइम कायमचं निकामी करतं. मग थ्रॉम्बोक्झेन तयार होत नाही, आणि इतर प्लेटलेटना गोळा करणारा निरोपच जात नाही. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. ती जगते ते ७ ते १० दिवस तशीच. म्हणून रक्तातलं अ‍ॅस्पिरिन तासाभरात जवळपास संपलं तरी परिणाम कित्येक दिवस राहतो. क्लोपिडोग्रेल असा निरोप आत घेणारं प्लेटलेटवरचं दुसरं दार बंद करतं, पी२वाय१२ नावाचं. एकाच वेळी दोन्ही बंद, म्हणून तुरटी हरली.

अ‍ॅस्पिरिनचा हा गुण लक्षात यायला रक्तस्रावच कारण झाला. कॅलिफोर्नियातले डॉ. लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिल काढल्यावर दुखू नये म्हणून अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगगम द्यायचे. जे रुग्ण ते जास्त चघळत त्यांचं रक्त जास्त वाहायचं. त्यावरून त्यांनी हार्ट अ‍ॅटॅक टाळायला अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिलं आणि १९५० च्या सुमारास लिहिलं. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. अ‍ॅस्पिरिन नेमकं कशावर काम करतं ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, पुढे १९८२ चं नोबेल मिळालं.

आता तुमच्या दोन गोळ्या. आयब्युप्रोफेन त्याच एन्झाइमच्या जागेत आधी जाऊन बसतं आणि अ‍ॅस्पिरिनला शिरू देत नाही; वर पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढवतं. ते नकोच, साधं पॅरासिटामॉल विचारा. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं, यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम त्याला कामाचं बनवतं, आणि ओमेप्राझोल नेमकं त्यालाच अडवतं. पित्तासाठी डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल देतील. बदल मात्र त्यांनाच करू द्या.

मिरजेची_दंतवैद्य
मी रोज दात काढते. एक-दोन दात काढायला या गोळ्या सहसा थांबवत नाहीत, अमेरिकन डेंटल असोसिएशनचीही हीच भूमिका आहे. पाच दिवसांचा आकडा क्लोपिडोग्रेलसाठी मोठ्या ऑपरेशनआधी धरतात, तो दाढेला लावू नये. अ‍ॅटॅकला वर्षही झालेलं नाही. अशा वेळी आपल्या मनाने गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी धरण्याचा धोका असतो, आणि तो जिवावरचा. दाढेचं रक्त समोर दिसतं, दाबून धरता येतं. स्टेंटमधल्या गुठळीवर बोट कुठे ठेवणार?

खड्ड्यात जिलेटिन स्पंज, वर टाका, मग गॉज घट्ट चावून अर्धा तास. दर दोन मिनिटांनी काढून "थांबलं का" बघायचं नाही, सगळे तेच करतात! ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधाचा बोळा किंवा चुळाही देतो. त्या दिवशी गरम आणि तिखट बंद, जोरात थुंकायचं नाही. आणि शनिवारी संध्याकाळी काढू नका. सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त सुरू झालंच तर दवाखाना उघडा असतो. गालाची सूज वाढली, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

कळंबारोड
सगळ्यांचे आभार. कॅथलॅबला फोन केला, हार्टच्या डॉक्टरांशीच बोलणं झालं. दोन्ही गोळ्या चालू ठेवायच्या. ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल, दुखल्यावर पॅरासिटामॉल, सुजेसाठी अँटिबायोटिक. दाताच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलले, बुधवारी सकाळी दाढ काढायची ठरलीय.

एक विचारायचं राहिलंच. अण्णा रोज उपाशीपोटी कच्चा लसूण चावून खातात, "हार्टसाठी". तो चालेल?

औषधशाळा
लसणाचाही प्लेटलेटवर थोडा परिणाम होतो. फोडणीतला खुशाल खाऊ द्या, कच्चा मात्र जखम भरेपर्यंत बंद, आणि डॉक्टरांच्याही कानावर घाला. सुजलेल्या हिरडीवर तो ते चावतात कसे, हे मात्र अण्णांनाच विचारा!