मदत हवी आहे: दुसरं बाळ येतंय, मोठीला रात्री बाबा चालत नाही

नमस्कार मैत्रिणींनो, मला आठवा महिना लागलाय, मोठी लेक अडीच वर्षांची आहे. दिवसा ती खुशीत असते. पोटाला तोंड लावून बाळाशी बोलते, स्वतःची जुनी दुपटी त्याच्यासाठी काढून ठेवते. प्रश्न रात्रीचा आहे. माझा कान हातात धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. मध्येच जाग आली की अंधारात चाचपडत आधी तो कान शोधते. बाबाने थोपटायला घेतलं की रडून घर डोक्यावर घेते.

मी दवाखान्यात असेन तेव्हा तिला बाबाजवळच झोपावं लागणार. सिझर झालं तर मुक्काम वाढेल, शिवाय नंतर काही आठवडे तिला उचलून घेणंही बंद. ३७ आठवड्यांनंतर कधीही कळा सुरू होऊ शकतात, म्हणजे हाताशी वेळ थोडाच आहे.

आंघोळ आणि झोपतानाची गोष्ट बाबाकडे दिली, ते छान जमलं. दिवा मालवला की मात्र ‘आईच हवी’. शू सांगायला लागली होती, तेही बिनसलंय. धाकटं येताना असं होतं, म्हणून त्यावर रागावत नाही.

मी खोलीतच थांबून रोज थोडं लांब सरकावं, की सरळ दुसऱ्या खोलीत झोपावं? दवाखान्यात तिला भेटायला आणावं का, की परत जाताना जास्त रडेल? आणि रात्री दोघं एकदम उठली तर आधी कुणाला घेता? तुमच्याकडे काय लागू पडलं ते अगदी बारीकसारीक सांगा.