"बोअर होणं" ला मराठी शब्द सांगा, अर्जंट

सातपूरकर:
मंडळी पटकन सांगा, बोअर होणं ला अस्सल मराठी शब्द काय? कंटाळा सोडून. तो टाकून बघितला, बसत नाहीये. आज रात्रीच पाहिजे, गूगल करून झालंय त्यामुळे ते सांगू नका.

गोदाकाठ:
का बसत नाही? वाक्य काय आहे? कुणाच्या तोंडी?

नाना सिन्नर:
बोअर कुठं घ्यायचाय ते लिहा आधी. आमच्याकडं वर मुरूम आणि खाली काळा पाषाण, भेग लागली तर पाणी नाहीतर नुसता फुफाटा. केसिंग नीट टाका, माती ढासळली की पंप अडकतो. आणि पानाड्याच्या नारळावर जाऊ नका, भूजल सर्वेक्षणच्या ऑफिसात विचारा.

सातपूरकर:
नाना तो बोअर नाही हो 😭

पुस्तकी किडा:
वीट, उबग, वैताग, हवा तो घ्या. पण तिन्ही वेगळे आहेत. वीट अतीने येतो, रोज आमरस खाल्ला की त्याचाही येतो. उबग त्याच्या पुढचा, त्यात किळस असते. वैतागात चिडचिड.

शेंगदाणा:
एवढं काय त्यात, कंटाळाच बरोबर आहे.

पुस्तकी किडा:
नाही. "आंघोळीचा कंटाळा" हा सरळ आळस आहे, त्यात बोअर काय झालं? एकाच शब्दात मराठी माणसाने दोन्ही कोंबलंय.

शेंगदाणा:
मला आंघोळ पण बोअर होते, आता बोला

सातपूरकर:
भांडू नका यार. कंपनीत 27 तारखेला मराठी राजभाषा दिन आहे, त्यात आमचं स्किट, इंग्रजी शब्द आला की 10 रुपये दंड. बायको फोनवर नवऱ्याला म्हणते "तू पुण्याला गेल्यापासून मला फार बोअर होतंय". तिथे कंटाळा टाकला तर नवऱ्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटतं, प्रॅक्टिसला सगळे हसले.

सिडकोतले काका:
27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. राजभाषा दिन 1 मे ला. नाशकात राहून तात्यासाहेबांच्या दिवसाचं नाव चुकवता? बॅनर छापला नसेल तर बदलून घ्या. आणि स्किट नाही, प्रहसन. काढा 10 रुपये.

गोदाकाठ:
अरे मग "करमत नाही" की!! हे आधीच लिहायचं ना. "तू गेल्यापासून घरात करमत नाही." माझ्या सासूबाई सटाण्याच्या, आमच्याकडे आल्या की दुसऱ्या दिवशीच इथं करमत नाही बाई सुरू होतं, टीव्ही दिवसभर चालू, नातवंडं अंगाखांद्यावर, भाजी निवडताना शेजारणीशी गप्पा, तरी करमत नाही. वेळ मस्त जातो त्यांचा, पण जीव तिकडे गोठ्यात. बोअर होणं आणि हे एक नाही, पण तुझ्या बायकोला हेच म्हणायचंय.

सातपूरकर:
माझी बायको नाही, स्टोअरमधला दादा साडी नेसणारे.

पुस्तकी किडा:
करमणूक त्याच करमण्यातून. हरि नारायण आपट्यांनी 1890 ला साप्ताहिक काढलं त्याचं नावच करमणूक. 2017 ला जीएसटी येईपर्यंत थेटराच्या तिकिटावर करमणूक कर होता, म्हणजे करमलं की सरकारला पैसे द्या 😀

शेंगदाणा:
जीएसटीने तिकीट स्वस्त झालं का पण? आणि करमत नाही हे फार आजी टाइप आहे, आमच्यात कोणी म्हणत नाही.

गोदाकाठ:
होस्टेलवर राहून बघ, पहिल्याच आठवड्यात आईला फोन करून हेच म्हणशील.

सातपूरकर:
करमत नाही फायनल, थँक्स (इथे दंड नाही). अजून एक, "साहेबांचं भाषण बोअर झालं" ला काय?

शेंगदाणा:
पकाऊ

सिडकोतले काका:
पकाऊ हिंदीतून आलंय. रटाळ म्हणा.

शेंगदाणा:
हिंदीवर दंड आहे असं कुठे लिहिलंय?

सिडकोतले काका:
साहेब कार्यक्रमाला येणार आहेत का पण? असतील तर "सविस्तर" म्हणा, लोक समजून घेतात.

सातपूरकर:
पहिल्याच रांगेत आहेत. रटाळच ठेवतो, दादा म्हणतो मी बोलेन.

मखमलाबादकर:
नाना, आमच्या मळ्यातला बोअर उन्हाळ्यात आटतो, अजून खाली न्यावा का?

नाना सिन्नर:
आत्ता खोली किती आणि मोटर कितीवर सोडली ते सांगा. 60 मीटरच्या खाली गेला की कायद्यात खोल विहीर धरतात, आधी परवानगीचं विचारून घ्या.