मोगरा आणि गावठी गुलाब बेकिंगमध्ये: वास टिकत नाही, चव कडवट होते. काय चुकतंय?

अबोली_पुणे

पाडवा जवळ आलाय आणि कुंड्यांमधला गावठी गुलाब आणि मोगरा दोन्ही भरात आहेत. रोज 8-10 गुलाब आणि 40-50 मोगऱ्याच्या कळ्या निघतात. इसेन्स न घालता ही फुलं केक आणि नानकटाईत वापरायची आहेत, पण चार ठिकाणी अडतंय.

मोगऱ्याची फुलं गरम दुधात 10 मिनिटं ठेवून, गाळून, त्या दुधाचा केक केला तर वास शून्य, वर उकडलेल्या पाल्यासारखी कडवट चव. गुलकंद मिश्रणात घातला की तळाशी जातो आणि केक मधे बसतो. ताज्या गुलाबपाकळ्या घातल्या तर भाजून करड्या-निळसर होतात. गुलकंदाची नानकटाई पसरून चपटी होते.

ओटीजी (छोटा घरगुती ओव्हन) 28 लिटरचा आहे, वरखाली दोन्ही कॉइल. दुपारी स्वयंपाकघरात 36-37 अंश असतात, तेही कारण असेल का? सगळं बिनअंड्याचं हवंय.

केतकी_ठाणे

मूळ घोटाळा असा की दोन्ही फुलांना एकच वागणूक मिळतेय. गुलाब उष्णता सोसतो, मोगरा सोसत नाही. गुलाबाचं पाणी भट्टीवर ऊर्ध्वपातनाने काढतात ते त्यामुळेच. मोगरा-चमेलीसाठी मात्र तिळावर फुलांचे थर देऊन, रात्रभर मुरवून, मग त्या तिळांचं तेल काढायची आपल्याकडची जुनी रीत आहे. फ्रान्समध्ये ग्रास गावात अत्तरवाले तेच काम थंड चरबीच्या थरावर फुलं पसरून करत. कारण असं की मोगऱ्याची कळी तोडल्यावरही रात्रभर वास सोडत राहते आणि तो वास तुपा-लोण्यात, सायीत पटकन शिरतो. गरम दुधात फूल काही मिनिटांत मरतं, होता तेवढा वास वाफेबरोबर जातो आणि हिरव्या देठाचा कडूपणा मात्र दुधात उतरतो.

आणि वास दुधात उतरला असता तरी ओव्हनमध्ये गेलाच असता. केकच्या पोटात तापमान 95 अंशांच्या वर जातं. त्यामुळे मोगरा भाजायच्या पदार्थात घालायचाच नाही, भाजून गार झालेल्या केकवर जे लावणार त्यात घालायचा.

पाडव्याला घरात चक्का असतोच, त्याचाच थर करा. चक्क्यात स्निग्धांश असतो आणि शेजारचा वास तो किती लवकर ओढतो हे फ्रीजमध्ये उघडा ठेवलेल्या चक्क्यावरून कळतंच. म्हशीच्या दुधाचं दही फ्रीजमध्येच टांगा, 10-12 तास. या दिवसांत बाहेर टांगलेलं दही आंबट होतं आणि आंबट चक्क्यात मोगरा लागत नाही.

250 ग्रॅम चक्का पसरट डब्यात बोटभर जाडीने पसरा. वर पातळ मलमल, त्यावर 25-30 मोगऱ्याची फुलं, घट्ट झाकण, रात्रभर फ्रीज. इथे एक खाच आहे. कळ्या संध्याकाळी 5-6 वाजता तोडायच्या, पांढऱ्या आणि फुगलेल्या, पण थेट फ्रीजमध्ये टाकायच्या नाहीत. गारठ्यात कळी उमलत नाही आणि न उमललेल्या कळीला वास जवळजवळ नसतो. ओल्या फडक्याखाली बाहेर ठेवा, रात्री 9-10 पर्यंत उमलल्या की मग मलमलीवर पसरा. हिरवा देठ खुडून टाका.

सकाळी 6-7 ला फुलं काढायची म्हणजे काढायचीच. कडा तपकिरी होऊ लागल्या की वास शिळा होतो आणि तोही चक्क्यात शिरतो. दुसऱ्या रात्री ताजी फुलं ठेवून परत एकदा मुरवलंत तर वास ठळक येतो. तिसऱ्या रात्री फारसं वाढत नाही.

मग त्यात 90 ग्रॅम पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून काढा. वेलची, जायफळ, केशर काही नको, मोगरा दबतो. क्रीमच वापरायचं असेल तर तीच कृती, पण 35 टक्के फॅटचं क्रीम घ्या. दुकानातलं 25 टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही.

रवाळ_तूप

केतकीताईंनी मोगऱ्याचं सगळं सांगितलंय. मी नानकटाई आणि गुलकंदाचं लिहितो.

चपटी होण्याची दोन कारणं आहेत आणि 36 अंशांचं स्वयंपाकघर त्यातलं पहिलं. नानकटाईला तूप रवाळ, घट्टसर लागतं. या हवेत तूप पातळ असतं, आणि पातळ तूप साखरेबरोबर कितीही फेटा, हवा धरत नाही. ओव्हनमध्ये पीठ घट्ट होण्याआधीच ते वाहून जातं. वाटीतलं तूप 15-20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून, मधे दोनदा ढवळून, श्रीखंडाइतकं दाट झालं की घ्या.

दुसरं कारण गुलकंद. तो निम्म्याहून जास्त साखर आहे, वर पाकळ्यांचं पाणी. पिठात मळलात तर साखर वितळून नानकटाई पसरते आणि पाण्यामुळे मैद्याला चिवटपणा येऊन ती कडक होते. गुलकंद पिठात नको, पोटात भरा.

मैदा 150 ग्रॅम, बेसन 30, बारीक रवा 20, तूप 110, पिठीसाखर 70, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूट मीठ. तूप-साखर पांढरं होईपर्यंत फेटा, 6-7 मिनिटं. पिठं चाळून घाला आणि हाताने फक्त गोळा होईल इतपत एकत्र करा, मळू नका. झाकून अर्धा तास फ्रीज.

सारणासाठी 80 ग्रॅम गुलकंद गाळणीत तासभर निथळत ठेवा. खाली पडलेला पाक फेकू नका, दुधात छान लागतो. निथळलेला गुलकंद चिरून त्यात भाजलेलं बेसन घाला, गोळी वळेल इतकंच, साधारण दोन छोटे चमचे. चार-चार ग्रॅमच्या गोळ्या करा. पीठ 20 ग्रॅमचं घेऊन त्यात गोळी बंद करा. सांधा खाली आला पाहिजे आणि नीट मिटला पाहिजे, नाहीतर गुलकंद बाहेर येऊन ट्रेवर जळतो आणि तो जळका वास सगळ्या घाण्याला लागतो. एवढ्या पिठात 19 होतात.

ओटीजी 160 अंशांवर 10 मिनिटं तापवून मधल्या खणात 18-20 मिनिटं. वरून रंग यायची वाट बघू नका, खालची कड सोनेरी दिसली की बाहेर. तेव्हा मऊ वाटतील. ट्रेवरच 15 मिनिटं राहू द्या, लगेच उचलल्या तर मोडतात.

केकमध्ये गुलकंद तळाशी बसतो कारण तो मिश्रणापेक्षा जड आहे. मैद्यात घोळवून घाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते टुटीफ्रुटीला चालतं, ओलसर गुलकंदाला चालत नाही. मधे केक बसतो तोही त्याच जादा साखरेमुळे. गुलकंद दोन थरांच्या मधे लावा, विषय मिटला.

अबोली_पुणे

दोघांचेही मनापासून आभार, दोन्ही करून बघते. मग केकच्या स्पंजमध्ये गुलाब आणायचाच नाही का? आणि पाकळ्या निळसर का होतात?

केतकी_ठाणे

आणायचा, पण पाकळी म्हणून नाही, दुधातून.

निळसर होण्याचं कारण सोडा. गुलाब, जास्वंद, गोकर्ण यांचे रंग आंबटात लालगुलाबी-जांभळे आणि सोड्यात निळे-हिरवट होतात. दही आणि सोड्याच्या बिनअंडी केकमध्ये सोडा जरा जास्त पडला की पाकळी करडी झालीच. गोकर्णाचा निळा केक लोण्याच्या पिवळेपणाने आधीच हिरवट दिसतो, सोड्याने आणखी. म्हणून सोड्याशिवायचा स्पंज देते, 7 इंची टिनसाठी.

दूध 120 मिली कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, गॅस बंद करून त्यात 15 ग्रॅम गुलाबपाकळ्या (तुमच्या 8-10 फुलांच्या) घालून झाका. 20 मिनिटांनी दाबून गाळा, पूर्ण गार करा. पाकळीच्या बुडाशी पांढरा भाग असतो तो आधी कात्रीने कापून टाका, तुम्हाला लागलेला कडवटपणा गुलाबाच्या बाबतीत तिथूनच येतो. कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम आणि वितळवलेलं बिनमिठाचं लोणी 60 ग्रॅम एकत्र फेटा. मैदा 125 ग्रॅम आणि बेकिंग पावडर दीड छोटा चमचा दोनदा चाळून, गुलाबाच्या दुधाबरोबर आलटूनपालटून घाला. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं. 170 अंशांवर 30-35 मिनिटं. कंडेन्स्ड मिल्कमुळे वरून लवकर लाल होतो, 25 मिनिटांनी अॅल्युमिनियम फॉइल झाका.

गार झाल्यावर आडवा कापून आतल्या बाजूंना दोन मोठे चमचे गुलाबपाणी शिंपडा, त्यावर 60 ग्रॅम निथळलेला गुलकंद आणि त्यावर मोगऱ्याचा चक्का. गुलाब आत, मोगरा वर. दोन्ही एकाच थरात कालवले तर कुठलाच वास ओळखू येत नाही.

रंगासाठी बीट घालू नका, भाजताना तपकिरी पडतं. थोडा गुलाबी हवाच असेल तर चक्क्यात कोकमाचं गोड सरबत एक चमचा. आगळ नको, त्यात मीठ असतं.

गच्चीवरची_बाग

कृती उत्तम आहेत, पण ओव्हनच्या आधीचं थोडं. खायला फक्त घरची फुलं घ्या आणि त्या झाडाला काय मारलंय ते आठवा. मावा-पिठ्या ढेकणासाठी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घातलं असेल तर ते मुळांतून सगळ्या झाडात, पाकळ्यांतही जातं. धुऊन निघत नाही, त्या मोसमात ती फुलं देवाला. नीम तेल धुतलं जातं पण त्याची चव पाकळीला राहते, म्हणून बहरात पाण्याच्या जोरदार फवाऱ्यावर भागवा. फूलबाजारातली फुलं, गजरे, हार खायच्या कामाचे नाहीत, ती पिकवताना खाण्याचा विचार केलेला नसतो.

तोडणीची वेळ दोघांची उलटी आहे. मोगरा संध्याकाळी, गुलाब पहाटे ऊन चढायच्या आत. आणि गुलाबाचा वास तोडल्यावर उतरतच जातो, त्यामुळे पाकळ्या तासाभरात दुधात किंवा साखरेत पडायला हव्यात. दव पुसून घ्या, मुंग्या आणि थ्रिप्ससाठी (पाकळ्यांतले बारीक किडे) मिठाच्या पाण्यात 2 मिनिटं बुडवून लगेच साध्या पाण्यातून काढा आणि फडक्यावर सुकवा. मोगरा मात्र भिजवू नका, नुसता झटका.

केकवर सजावटीला दिसेल ते फूल ठेवायची पद्धत पडली आहे, ती धोक्याची आहे. कण्हेर, बिट्टी (पिवळी कण्हेर), रुई, धोतरा, घाणेरी, सदाफुली, तगर यांतलं एकही फूल केकला टेकवूसुद्धा नका. कण्हेर-बिट्टीचं विष थेट हृदयावर जातं. तगर पांढरी आणि मोगऱ्याजवळच लावलेली असते, घाईत मिसळते. देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती तगर, मोगऱ्याला चीक नसतो.

सजावटीला साखरेतल्या गुलाबपाकळ्या करा. बिनअंड्याच्या हव्यात म्हणून बाभळीचा डिंक, एक छोटा चमचा कुटून दोन चमचे गुलाबपाण्यात रात्रभर विरघळवा. धावड्याचा डिंक आणलात तर तो पूर्ण विरघळत नाही, गाठी राहतात. ब्रशने पाकळीच्या दोन्ही बाजूंना अगदी पातळ लावा, वर बारीक दाणेदार साखर भुरभुरा, बटर पेपरवर सावलीत पंख्याखाली. उन्हात रंग उडतो. पुण्याच्या कोरड्या हवेत दिवसभरात कुडकुडीत होतील, मुंबई-कोकणात दोन दिवसही लागतात. केकवर वाढतानाच ठेवा, फ्रीजमध्ये साखरेला पाणी सुटतं.

चैत्रांगण

फुलं आणि चैत्र म्हटल्यावर कडुलिंबाचा मोहोर कसा राहिला? पाडव्याला गूळ, जिरं, हिंग घालून खातोच, खाऱ्या बिस्किटात तो फार चांगला लागतो.

सकाळी झाडाखाली चादर पसरून फांदी हलवायची, देठ-कचरा निवडून फुलं सावलीत 2-3 दिवस वाळवायची. वाळलेली दोन छोटे चमचे फुलं अर्धा चमचा तुपात मंद आचेवर तपकिरी करा. कच्ची घातली तर कडूपणा पुढे येतो, परतली की मागे राहतो. मैदा 100 ग्रॅम, कणीक 50, गार लोणी 75, पिठीसाखर 20, मीठ पाऊण चमचा, जिरं एक चमचा. लोणी पिठात चोळून भुरभुरीत करा, फुलं घाला, 2-3 मोठे चमचे गार दुधाने गोळा करा. अर्धा तास फ्रीज, मग 4-5 मिलिमीटर जाड लाटून कापा, काट्याने टोचा, 170 अंशांवर 15-18 मिनिटं. टोचलं नाही तर फुगून मधे पोकळ होतात.

शेवंती_अकोला

ओव्हन नाही, कुकरमध्ये नानकटाई होईल का?

रवाळ_तूप

होते, पण कुकरपेक्षा जाड बुडाची कढई घ्या. कुकरमध्येच करायची तर रिंग आणि शिटी काढायची आणि पाणी अजिबात घालायचं नाही. तळाशी दीड वाटी मीठ, त्यावर स्टँड, झाकून मध्यम आचेवर 10 मिनिटं तापवा. मग ताटलीत नानकटाया लांब लांब ठेवून आच अगदी मंद, 25 मिनिटं. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पडून वरून डाग पडतात. वरून रंग येणार नाही, तो येईपर्यंत ठेवलं तर खालून जळतात. पहिल्या घाण्यात चारच ठेवून आचेचा अंदाज घ्या.