पावसाच्या म्हणींसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कुणी बोलता बोलता शहाणपणाचं काही म्हणालं की ते लगेच वहीत उतरवायचं, ही माझी जुनी आवड. सध्या पावसाच्या नक्षत्रांवरच्या म्हणी गोळा करते आहे. संत-लेखकांची वचनं छापील सापडतात, पण या म्हणी शेताच्या बांधावर राहिल्या आणि आता त्या बोलणारी माणसं कमी होत चालली आहेत.

'न पडतील मघा तर वरतीच बघा' आणि 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' या दोन्ही बहुतेकांना पाठ असतात. मघा साधारण 17 ऑगस्टच्या सुमारास लागतात, स्वाती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. स्वातीच्या पावसाची ओल रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला मिळते, म्हणून तिचं एवढं कौतुक.

अडलंय ते इथे. 'भात खाईना कुत्रा' ही म्हण माझ्याकडे दोन रूपांत आहे, एकात 'पडतील उत्तरा', दुसऱ्यात 'पडतील चित्रा'. उत्तरा सप्टेंबरच्या मध्यावर येते, म्हणजे भाताचा दाणा भरायच्या वेळी. चित्रा येते ऑक्टोबरात, तेव्हा हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा भात कापणीला आलेला असतो. मग ही म्हण भरघोस पिकाची की नासाडीची?

कोकण, मावळ किंवा भंडारा-गोंदियाकडे भात लावणाऱ्या घरांतल्या कुणी सांगाल का? तुमच्या आजी-आजोबांना जरूर विचारा. ते म्हणतात तशीच, त्यांच्या बोलीत लिहा, सोबत तालुकाही. मृग, आर्द्रा आणि हस्ताच्या म्हणीही हव्या आहेत.