‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ : शापाची गोष्ट रंगली, युद्धाची फसली?

धागाकर्ता :
हायाओ मियाझाकी यांचा २००४ सालचा हा ॲनिमेशनपट परवा तिसऱ्यांदा पाहिला आणि जुनीच तक्रार पुन्हा मनात आली. टोप्या शिवणाऱ्या सोफीला चेटकीण शाप देऊन नव्वदीची म्हातारी करते आणि सोफी घर सोडून हाउल या जादूगाराच्या चालत्या वाड्यात आश्रय घेते, इथवर वीण घट्ट आहे. मात्र भोवती पेटलेले युद्ध नेमके कशासाठी, हे नीट कळतच नाही. शेजारच्या राज्याचा युवराज बेपत्ता असल्याचे ओझरते कानावर पडते. शेवटी सोफीने चुंबन घेताच तिच्या मागे मागे येणाऱ्या बुजगावण्याचा तोच युवराज होतो आणि राजदरबारची मादाम सुलिमान हे मूर्खपणाचे युद्ध आता थांबवू या, असे म्हणून मोकळी होते. शहरे जळाली आणि निकाल एका वाक्यात!

प्रतिसाद १ :
असहमत. युद्धाचे कारण सोफीला ठाऊक नाही, म्हणून ते आपल्यालाही कळत नाही. बॉम्ब ज्यांच्या घरावर पडतात त्यांना कारण कोण सांगते? शिवाय चित्रपटाचे खरे बळ शापाच्या चित्रणात आहे. सुलिमानसमोर हाउलची बाजू मांडताना सोफीची पाठ ताठ होते, सुरकुत्या विरतात, आणि तिचे हाउलवर प्रेम आहे हे सुलिमानने बोलून दाखवताच ती क्षणात पुन्हा म्हातारी होते. वय किती, हे इथे मनाच्या धिटाईवर ठरते, आणि त्यासाठी एकही स्पष्टीकरणाचा संवाद खर्ची पडत नाही. राजवाड्याच्या पायऱ्यांचा प्रसंगही आठवावा : शाप देणारी घामाघूम, शापित म्हातारी कुत्र्याला कडेवर घेऊन तिच्या पुढे.

प्रतिसाद २ :
दोघांच्याही नजरेतून मूळ पुस्तक निसटले आहे. डायना विन जोन्स यांच्या १९८६ च्या कादंबरीत वाड्याचे दार खुंटीवरच्या रंगाप्रमाणे वेगळ्या जागी उघडते; खुंटी काळ्या रंगावर आणली की ते वेल्समध्ये, म्हणजे हाउलच्या माहेरी (हाच शब्द योग्य वाटतो) उघडते. चित्रपटात तेच दार रणांगणाकडे नेते. या एका बदलाने विनोदी, खट्याळ कथा युद्धकथा झाली. त्याहून मोठे नुकसान म्हणजे सोफीच्या बोलण्यातली जादू. कादंबरीत ती टोप्यांशी बोलते आणि ते बोलणे खरे होते. चित्रपटात ही शक्ती स्पष्ट न केल्यामुळे कॅल्सिफर हा अग्निराक्षस हाउलशी झालेल्या करारातून कसा सुटला, हे नव्या प्रेक्षकाला उमगत नाही.

धागाकर्ता :
पायऱ्यांचा प्रसंग मान्य, तो अप्रतिमच आहे. कॅल्सिफरला दटावून त्याच्यावर तवा ठेवणे, बेकन-अंडी तळणे आणि टरफले त्यालाच खाऊ घालणे, हेही विसरता येत नाही. पण सोफीला कारण ठाऊक नाही, हा बचाव मला पटत नाही, कारण ती स्वतः राजवाड्यात जाऊन युद्ध चालवणाऱ्या बाईसमोर बसते. विचारायची संधी तिथे होती, आणि पटकथेने ती घेतली नाही.

प्रतिसाद १ :
त्या वेळी ती हाउलला वाचवायला गेली होती, मुलाखत घ्यायला नव्हे.