मदत हवी आहे: एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून कमांड चालवायची सोय) जोडलं जातं, पण मोठं आउटपुट आलं की अडकतं

मंडळी, नेटवर्किंगवाल्यांनी जरा बघा.

ऑफिसचं फायबर कनेक्शन पीपीपीओई (लॉगिन करून जोडायची पद्धत, तिचं हेडर 8 बाइट खातं) आहे, म्हणजे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) 1500 नाही, 1492. ग्राहकाच्या सर्व्हरवर लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात. मोठ्या फोल्डरवर 'एलएस' (फाइलींची यादी) मारलं की स्क्रीन ढिम्म. मोबाईल हॉटस्पॉटवरून तेच सुरळीत.

डीएफ बिट ('पॅकेटचे तुकडे करू नका' ही खूण) लावून पिंग केलं: 1464 बाइट जातात (28 हेडरचे धरून 1492). 1472 ला आमचा राउटर लगेच 'फ्रॅगमेंटेशन हवं, एमटीयू 1492' असं कळवतो. म्हणजे जाणारी बाजू ठीक. तिकडून आमच्याकडे 1472 पाठवलं की मात्र उत्तरच नाही. माझा संशय असा: वाटेतला राउटर टाइप 3 कोड 4 चा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा संदेश; हा प्रकार म्हणजे 'पॅकेट मोठं आहे, तुकडे हवेत') परत पाठवतो, पण त्यांचा फायरवॉल सगळंच आयसीएमपी गिळतो. मग सर्व्हरला पॅकेट लहान करायचं कळणार कसं? बिचारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. सुरक्षेच्या नावाखाली सरसकट आयसीएमपी बंद करणाऱ्यांना काय म्हणावं!

राउटरवर एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटमधला कमाल डेटा) 1452 ला क्लॅम्प केलं, म्हणजे त्यावर मर्यादा घातली, तर टीसीपी (एसएसएच यावरच चालतं) सुटेल, हे माहीत आहे. पण त्याच सर्व्हरशी यूडीपीवर (टीसीपीहून वेगळा प्रोटोकॉल, त्यात एमएसएस नसतं) व्हीपीएनही चालवायचा आहे, तिथे बाहेरच्या पॅकेटला क्लॅम्प लागत नाही. टनेलचा (व्हीपीएनच्या आतल्या मार्गाचा) एमटीयू हाताने कमी करायचा, तर आयपीव्ही6 साठी थेट 1280 (त्याला लागणारा किमान एमटीयू) ठेवता की मोजून? आणि त्यांच्या अॅडमिनला आयसीएमपीचा फक्त तो टाइप 3 कोड 4 प्रकार उघडायला कसं पटवायचं?